नाट्यसमीक्षकाचे टपाल

१

नाटकाविषयीचे लेखन दोन वाटांनी जाते. एक वाट छापखान्याची. तिने परीक्षणे, लेख आणि प्रस्तावना जातात. दुसरी वाट टपालाची. तिने समीक्षकाची पत्रे जातात, आणि ती नाटककाराला, नटाला, दिग्दर्शकाला किंवा ज्याच्या हातून पुढे काही घडायचे आहे अशा एखाद्या स्नेह्याला मिळतात. पहिल्या वाटेचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला. परीक्षण कसे असावे, परीक्षकाने तटस्थ असावे की रसिक, त्याने फुकट पास घ्यावा की तिकीट काढावे, येथवर वाद झडले. दुसरी वाट मात्र बहुतेक दुर्लक्षितच राहिली. समीक्षकाचे पत्र ही त्याच्या चरित्राची सामग्री, समीक्षेशी तिचा संबंध नाही, असे आपण धरून चाललो. हा समज तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी वाचकाला या दोहोंतला भेद चटकन उमगावा. कचेरीत तो रोज दोन जातींचे कागद हाताळीत असतो. एक फाइलीवरचा शेरा, दुसरा अर्धशासकीय पत्र. शेरा विशिष्ट असा कोणालाच उद्देशून नसतो, तो नोंदीसाठी असतो. खाली सही असली तरी माणूस तिच्याआड सहज लपू शकतो. अर्धशासकीय पत्राच्या माथ्यावर एक नाव असते व पायथ्याशी दुसरे. विषय कामाचाच असतो, परंतु एका माणसाने दुसऱ्याला नावाने हाक मारून तो मांडलेला असतो. म्हणून त्यात शेऱ्यापेक्षा मोकळेपणाही अधिक आणि जबाबदारीही अधिक. समीक्षकाचे रंगभूमीवरील स्नेह्यांना गेलेले पत्र हे या दुसऱ्या जातीचे. ते पुरते खाजगी नसते, कारण त्याचा विषय सार्वजनिक कला हा असतो. आणि पुरते जाहीरही नसते, कारण ते वाचणारा एकच असतो.

परीक्षण येते तेव्हा पडदा उघडून गेलेला असतो. नेपथ्य उभे झालेले, भूमिका बसलेल्या, पुढच्या तारखा ठरलेल्या. अशा वेळी परीक्षक जे सांगतो ते तिकीट काढू इच्छिणाऱ्यास उपयोगी पडते. ज्याने नाटक केले त्याला त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या नाटकासाठी. पत्र मात्र प्रयोगाच्या आधी जाऊ शकते, दोन प्रयोगांच्या मध्ये जाऊ शकते, आणि नाटक पडल्यावर, जेव्हा कोणी बोलायलाही येत नाही, तेव्हाही जाऊ शकते. परीक्षणाचा वाचक प्रेक्षक आहे, पत्राचा वाचक कर्ता आहे. आमचे म्हणणे असे की, समीक्षेचे जे काम रंगभूमीला प्रत्यक्ष वळण लावते ते बरेचसे या दुसऱ्या वाटेने झाले आहे. आणि ज्या रंगभूमीला असे टपाल लाभले नाही तिची मोठी हानी झाली आहे.

२

यावर पहिला आक्षेप उघड आहे. स्नेह आला की निःपक्षपात गेला. ज्या नटीला समीक्षक आपुलकीने पत्रे लिहितो तिच्या कामाचे तो उद्या परीक्षण कसे करणार? हा आक्षेप हलका नाही. त्याची कसोटी पाहण्यास बर्नार्ड शॉ आणि एलन टेरी यांच्या पत्रव्यवहाराइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

१८९५ ते १८९८ या काळात शॉ लंडनच्या 'सॅटर्डे रिव्ह्यू'चा नाट्यपरीक्षक होता. हेन्री आयर्विंगच्या लायसियम नाट्यगृहाची एलन टेरी ही प्रमुख नटी. १८९६ च्या सप्टेंबरात तेथे शेक्सपिअरचे 'सिंबेलीन' लागावयाचे होते. टेरी इमोजेनची भूमिका बसवीत होती, आणि शॉ तिला पत्रामागून पत्र लिहून ती भूमिका उलगडून दाखवीत होता. कोणती वाक्ये गाळावी, मस्तक नसलेल्या प्रेताशेजारी इमोजेन जागी होते त्या प्रसंगी मनाच्या कोणत्या पायऱ्या चढाव्या, येथवर त्याचे मार्गदर्शन चालले होते. मग पडदा उघडला, आणि याच शॉने त्या प्रयोगाचे परीक्षण लिहिले. म्हणजे ज्या भूमिकेच्या घडणीत आपला हात, तिलाच आपण गुण द्यायचे. आजच्या कोणत्याही संपादकाने हे चालवून घेतले नसते.

तथापि त्या परीक्षणात काय आहे ते पाहावे. मूळ नाटकावर शॉने तोफ डागली. शेक्सपिअरचे नाव मोठे म्हणून गय केली नाही. टेरीची वाखाणणी केली. परंतु ज्या आयर्विंगशी त्याचे सदैव बिनसलेले होते, त्याच्या इयाकिमोच्या भूमिकेलाही त्याने मनमोकळी दाद दिली. स्नेहाने त्याची दृष्टी अधू झाली असे यावरून म्हणता येत नाही. खरा धोका दुसरीकडे होता. शॉने टेरीला डोळ्यांपुढे ठेवून 'द मॅन ऑफ डेस्टिनी' हे नाटक लिहिले होते व ते आयर्विंगच्या विचाराधीन होते. ज्याच्या हाती आपले नाटक अडकले आहे त्याच्याच प्रयोगांचे शॉ परीक्षण करीत होता. पुढे 'तिसरा रिचर्ड' या नाटकावरील त्याचे परीक्षण आयर्विंगला झोंबले आणि १८९७ साली ते नाटक परत आले. शॉची लेखणी त्यापूर्वी मऊ झाली नव्हती व त्यानंतरही झाली नाही, हा त्याच्या स्वभावाचा गुण. सर्वांच्या ठिकाणी तो असेलच अशी ग्वाही देता येत नाही. समीक्षकाला भ्रष्ट करते ती देवघेव. मैत्री आणि देवघेव या दोन गोष्टी आपण फार वेळा एकीत मोजतो.

याच शॉच्या बाबतीत दुसरा एक स्नेही याहून मोठी साक्ष देतो. विल्यम आर्चर हा इब्सेनला इंग्रजीत आणणारा, आपल्या काळातला अग्रगण्य नाट्यसमीक्षक. १८८४ च्या सुमारास त्याने व शॉने मिळून एक नाटक लिहावयास घेतले होते. कथानक आर्चरचे, संवाद शॉचे. ते मध्येच बंद पडले. शॉने पुढे ते एकट्याने पुरे केले आणि १८९२ च्या डिसेंबरात 'विडोअर्स हाउसेस' या नावाने ते रंगभूमीवर आले. आर्चरने 'द वर्ल्ड' पत्रात परीक्षण लिहिले व त्यात आपल्या जिवलग मित्राच्या अंगी नाट्यलेखनाचे अंगच नाही असा निवाडा दिला. काळाने तो निवाडा पुसून टाकला हे खरे. पण येथे मुद्दा तो बरोबर होता की चूक हा नव्हे. मित्राच्या पहिल्याच नाटकाविषयी आपल्याला जे खरे वाटले ते त्याने लिहिले, आणि मैत्री टिकली. ती पुढे बत्तीस वर्षे, आर्चरच्या मरणापर्यंत टिकली. १९२४ च्या डिसेंबरात शस्त्रक्रियेला सामोरे जाण्यापूर्वी आर्चरने शॉला एक पत्र धाडले. त्याचा आशय असा की, मी तुला कधी कधी फाजील स्पष्टपणे बोललो असेन, परंतु माझा तुझ्याविषयीचा आदर व माया कधी ढळली नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. शॉने पुढे हे पत्र प्रसिद्ध केले. ज्या स्नेहात असे परीक्षण मावते आणि ज्या परीक्षणानंतर असे पत्र लिहिता येते, त्या स्नेहाला समीक्षेचा शत्रू म्हणणे धार्ष्ट्याचे होईल.

३

पत्राने नाटक वाचते याचे उदाहरण रशियात मिळते. चेखॉव्हचे 'सी-गल' १८९६ च्या ऑक्टोबरात पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की नाट्यगृहात साफ पडले. प्रेक्षक हसले, नाटककार रात्री एकटाच रस्त्याने हिंडत राहिला, आणि पुन्हा नाटक लिहावयाचे नाही असे त्याने मनाशी ठरविले. ज्या प्रयोगाची पुढे गोडवे गाणारी परीक्षणे आली तो प्रयोग होऊ शकला याचे कारण नेमिरोविच-दानचेंको. हा स्वतः नाटककार, एके काळचा नाट्यपरीक्षक, अभिनयाचा शिक्षक. त्याच्या नाटकाला पारितोषिक मिळाले तेव्हा ते 'सी-गल'ला मिळावयास हवे होते असे म्हणणारा. १८९८ साली स्तानिस्लावस्कीबरोबर त्याने मॉस्को आर्ट थिएटर उभे केले आणि चेखॉव्हकडे त्या पडलेल्या नाटकाची मागणी केली. चेखॉव्हने नकार दिला. नेमिरोविचने पुन्हा लिहिले. नाटक पडले ते त्याच्या दोषाने नव्हे, चाकोरीतल्या अभिनयाने ते झाकले गेले, ही त्याच्या विनवणीतली समीक्षा होती. डिसेंबरात प्रयोग झाला आणि पुढे सी-गल पक्षी त्या नाट्यगृहाच्या पडद्यावर कायमचा येऊन बसला.

या प्रकरणात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नेमिरोविचने चेखॉव्हचे सांत्वन केले असते तर ते स्नेह्याचे पत्र झाले असते. नाटक चांगले आहे असा लेख लिहिला असता तर ती समीक्षा झाली असती. त्याने नाटकाचे मर्म कशात आहे ते सांगितले आणि त्या मर्माची जबाबदारी स्वतः उचलली. समीक्षकाचे पत्र पूर्ण होते ते अशा ठिकाणी.

४

आता आपल्या घरात पाहू. मराठी रंगभूमीवर समीक्षक आणि रंगकर्मी यांच्यामध्ये फारशी उंच भिंत कधी नव्हती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे नाव प्रथम झाले ते 'विविधज्ञानविस्तारा'तील 'विक्रम-शशिकला' या नाटकावरील टीकालेखाने, 'वीरतनय' त्यानंतरचे. वऱ्हाडात वकिली करणारा हा गृहस्थ मुंबई-पुण्याच्या नाटकमंडळ्यांपासून दूर होता, पण त्या मंडळ्या त्याची नाटके करीत होत्या, आणि गडकऱ्यांसारखा प्रतिभावंत त्याला गुरू मानीत होता. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' करून 'नाट्यमन्वंतर'ने नवे पान उलटले, त्या मंडळीत के. नारायण काळे यांच्यासारखा टीकाकार आतून सामील होता. ब्यर्नसनच्या नाटकावरून वर्तकांनी ते रूपांतर केले, आळतेकरांनी ते बसविले. अशा मेळाव्यात परीक्षक कोण आणि कर्ता कोण हे वेगळे काढणे कठीणच होते.

असे असूनही मराठी वाङ्मयात रंगभूमीच्या पत्रव्यवहाराचा साठा अल्प आहे. कथेच्या वाट्याला मोठे भाग्य आले. धारवाडला राहून, साहित्यिकांच्या मेळाव्यांपासून कटाक्षाने दूर राहून, जी. ए. कुलकर्णींनी जी पत्रे लिहिली त्यांचे अनेक खंड निघाले, आणि आज ती त्यांच्या कथांइतक्याच आवडीने वाचली जातात. नाटकाच्या जगात असे ठळक संग्रह दिसत नाहीत. याचे एक कारण रंगभूमीच्या स्वभावातच असावे. नाटकमंडळी दौऱ्यावर असते. एका गावचे कागद दुसऱ्या गावी नेण्याची सोय नसते. पत्र येते ते तालमीच्या धामधुमीत. त्यातली सूचना घेतली जाते आणि कागद टाकला जातो. ज्याचे काम झाले तो कागद जपण्याची बुद्धी आपल्याला उशिरा सुचते. परंतु त्यामुळे असे झाले की, आपल्या नाट्यसमीक्षेचा इतिहास आपण केवळ छापील परीक्षणांवरून लिहितो, आणि त्यातला जो भाग कामाचा होता तो हातून निसटतो.

५

समीक्षकाचे एखादे वाक्य दूरवर जाऊन नाटक कसे घडविते, आणि ते नाटक स्नेह्यांच्या हातांनी मराठीत कसे येते, याचे आपल्या काळातले मोठे उदाहरण मद्रास शहराशी जडलेले आहे. आजच्या चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासेत, गिरीश कर्नाड १९६३ पासून १९७० पर्यंत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कचेरीत नोकरीस होते. मातृभाषा कोंकणी, जन्म माथेरानचा, बाळपण शिरशीच्या नाटकमंडळ्या व यक्षगान पाहण्यात गेलेले, शिक्षण धारवाडास, लेखन कन्नडात, आणि नोकरी तमिळ मुलखात इंग्रजी पुस्तकांची. बदलीवरच्या माणसाची चार भाषांत वाटली गेलेली अवस्था याहून वेगळी ती काय असते?

त्यांचे पहिले नाटक 'ययाति' ते इंग्लंडला जाण्याच्या सुमारास लिहिले गेले आणि १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. राजाजींनी सांगितलेले महाभारत वाचताना त्यांना तो विषय सापडला होता. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी १९५९ ची. एकाच पुराणकथेकडे दोन भाषांतले दोन लेखक एकाच सुमारास वळले हा योगायोग मराठी वाचकाला आपोआप आठवतो. खांडेकरांची दृष्टी भोगाच्या अतृप्तीवर आहे. कर्नाडांची दृष्टी, बापासाठी मुलाने वार्धक्य पत्करल्यावर त्याच्या तरुण पत्नीने काय करावे या प्रश्नावर येऊन थांबते.

मनोहर ग्रंथमालेचे साहित्यसल्लागार होते कीर्तिनाथ कुर्तकोटी. कन्नडातले मोठ्या तोलाचे समीक्षक. नव्या कन्नड साहित्याचा आढावा घेताना त्यांनी एक परखड विधान केले. शॉने जोनच्या कथेतून इतिहासाला जसे आजच्या मनाशी बोलावयास लावले तसे ऐतिहासिक नाटक आपल्याकडे कोणी लिहिलेले नाही, असा त्याचा मथितार्थ. हे विधान ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या कर्नाडांनी वाचले आणि ते त्यांना आव्हान वाटले. त्यांनी भारतीय इतिहास धुंडाळण्यास प्रारंभ केला आणि मुहम्मद तुघलकापाशी ते थांबले. १९६४ साली 'तुघलक' प्रसिद्ध झाले, तेव्हा ते मद्रासेत नोकरीवर होते.

येथे कोणी म्हणेल की कुर्तकोटींचे ते वाक्य छापील होते, पत्र नव्हते. अगदी खरे. तथापि हजारांसाठी छापलेले एक वाक्य एका वाचकाने आपल्या नावावर आलेल्या पाकिटाप्रमाणे फोडले, हीच तर यातली लक्षणीय गोष्ट. समीक्षेत पत्राचा गुण असतो तो असा. ते वाक्य निवाडा देऊन थांबत नाही. अमुक एक काम अजून व्हावयाचे आहे असे ते सांगते. 'हे वाईट आहे' असे म्हणणाऱ्या परीक्षणाला उत्तर नसते. 'हे अद्याप झालेले नाही' या म्हणण्याला उत्तर देता येते, आणि त्याचे उत्तर नाटक लिहूनच द्यावे लागते.

ते उत्तर कोणत्या प्रतीचे होते हे पाहिल्यावाचून ही हकीकत नुसती आख्यायिका होईल. 'तुघलक'च्या रचनेत कर्नाडांनी लहानपणी पाहिलेल्या नाटकमंडळ्यांचा एक जुना संकेत वापरला आहे, आणि तो मराठी प्रेक्षकाला पुरा परिचित आहे. मागे राजवाड्याचा देखावा लावावयाचा असला की पुढे रस्त्याचा पडदा सोडावा आणि त्यापुढे दोन विनोदी पात्रांनी वेळ भरून काढावा. खोल प्रवेश राजाचे, उथळ प्रवेश रस्त्यावरच्या माणसांचे. 'तुघलक'मध्ये अझीझ व आझम ही ती विनोदी जोडी. पहिल्याच प्रवेशात अझीझ नावाचा परीट ब्राह्मणाचे सोंग घेऊन सुलतानाविरुद्ध दावा जिंकतो. सुलतान न्यायाचा एक आदर्श उभा करतो आणि रस्त्यावरचा लफंगा त्या आदर्शाची कमाई करतो. तांब्याची नाणी निघाली की हा खोटी नाणी पाडतो. राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली की वाटेवरच्या हालांत हा आपली पोळी भाजतो. जुन्या नाटकात ही जोडी पडद्याच्या अलीकडेच राहिली असती. येथे अझीझ हळूहळू तो पडदा ओलांडतो. खलिफाच्या वंशजाला मारून, त्याचाच वेष घेऊन, तो थेट सुलतानापुढे येऊन उभा राहतो. आणि सुलतान त्याला ओळखूनही क्षमा करतो, अधिकार देतो. आपल्या आदर्शांचा शेवटचा खरा शिष्य हा भामटाच उरला हे त्याला कळून चुकलेले असते. रचनेचा संकेत मोडण्याच्या क्षणीच राज्याचा अर्थ मोडतो. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले भारतीय ऐतिहासिक नाटक त्यापूर्वी क्वचितच लिहिले गेले असेल. आमच्या मराठी ऐतिहासिक नाटकांनी इतिहासाला वक्तृत्व पुष्कळ दिले, ही शंकेखोर नजर मात्र फार थोड्या वेळा दिली. कुर्तकोटींचा आक्षेप कन्नडास उद्देशून असला तरी मराठीलाही तो तितकाच लागू होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

मद्रासेत असताना कर्नाड 'मद्रास प्लेयर्स' या इंग्रजी नाटके करणाऱ्या हौशी मंडळीत वावरत होते. याच वर्तुळातल्या स्नेह्यांच्या जोरावर १९७० साली 'संस्कार' हा कन्नड चित्रपट निघाला. बादल सरकारांचे 'एवम् इंद्रजित' त्यांनी इंग्रजीत आणले. सत्यदेव दुबे यांनी 'ययाति' हिंदीत केले. आणि 'तुघलक' मराठीत आणले विजय तेंडुलकरांनी. १९७१ साली 'रंगायन'मधून फुटून निघालेल्या मंडळींनी 'आविष्कार' स्थापन केली तेव्हा अरविंद देशपांडे यांनी पहिले नाटक बसविले ते हेच. सुलतानाच्या भूमिकेत अरुण सरनाईक होते. पुढे 'हयवदन' आले. त्याचे मराठी चिं. त्र्यं. खानोलकरांनी केले आणि प्रयोग विजया मेहतांनी. त्याच नाटकाच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती कुर्तकोटींनी. ज्याने पहिला आक्षेप घेतला त्यानेच पुढे ओळख करून द्यावी, यात समीक्षकाच्या टपालाचे एक वर्तुळ पुरे होते.

भाषांतर हेही एक प्रकारचे पत्रच आहे असे आम्हांस वाटते. तेंडुलकरांसारखा नाटककार दुसऱ्याचे नाटक आपल्या भाषेत आणतो तेव्हा तो त्याची ओळ न् ओळ तपासतो, कोठे टिकते, कोठे सैल पडते हे पाहतो. इतके सूक्ष्म परीक्षण कोणताही परीक्षक करीत नाही. मराठी 'तुघलक' १९७१ चे आणि तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरातले. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणण्याचा उतावळेपणा आम्ही करणार नाही. दोन्हींची घडण निराळी, इतिहासाचे कालखंड निराळे. परंतु इतिहास हा गौरवगान करण्याचा विषय नसून सत्ता कशी चालते हे उकलण्याचे साधन आहे, ही दृष्टी त्या दोन वर्षांत मराठी रंगभूमीवर शेजारी शेजारी उभी राहिली. धारवाडच्या एका समीक्षकाच्या वाक्यापासून निघालेले टपाल ऑक्सफर्ड व मद्रास करीत मुंबईस पोचले होते.

६

पोचलेल्या टपालाची ही गोष्ट झाली. याच तमिळ मुलखात न पोचलेल्या टपालाचीही एक गोष्ट आहे, आणि मराठी माणसाला ती अधिक जिव्हारी लागावी.

मद्रासहून साडेतीनशे किलोमीटरांच्या आत तंजावर आहे. तेथील भोसले राजांच्या दरबारी मराठी नाटके लिहिली व खेळली जात होती. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' सतराव्या शतकाच्या अखेरचे. पुढे प्रतापसिंहांनी नाटके रचिली. दुसऱ्या सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' लिहून त्यात भूगोलाचे ज्ञान गुंफले. या नाटकांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. इकडे सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले ते १८४३ साली, आणि तोच आपण मराठी रंगभूमीचा प्रारंभ मानीत आलो. १८४३ साली तंजावरचे संस्थान संपलेले नव्हते. ते खालसा झाले १८५५ साली. म्हणजे बारा वर्षे मराठी रंगभूमीच्या दोन शाखा एकाच वेळी अस्तित्वात होत्या.

त्यातही आश्चर्य असे की दोन्हींचे मूळ एकमेकांच्या शेजारचे. तंजावरची नाटके दक्षिणेतील यक्षगानाच्या वळणाची. आणि भाव्यांना स्फूर्ती मिळाली ती कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून, तेही यक्षगानाच्याच घराण्यातले. एकाच झाडाच्या दोन फांद्या, पण एकीची दुसरीला वार्ता नाही. दोहोंमधला कोणताही प्रत्यक्ष संबंध आजवर सिद्ध झालेला नाही.

याचे कारण अंतर असे म्हणणे सोपे आहे. पण तंजावर व महाराष्ट्र यांच्यामध्ये माणसे ये-जा करीत होती, सोयरिकी होत होत्या, यात्रेकरू रामेश्वरास जात होते, हुंड्या वटत होत्या. सगळे काही जात-येत होते. नाटकाविषयीचे जाणते बोलणे तेवढे गेले नाही. तंजावरास राजा नाटककार होता, प्रेक्षक दरबारी होते, आणि ज्याने उठून म्हणावे की 'हे येथवर जमले, येथून पुढे जमले नाही' असा स्नेही त्या दरबारात असणे जवळजवळ अशक्य होते. राजाच्या नाटकाला वाहवा मिळते, पत्र मिळत नाही. ज्याला उत्तराची अपेक्षा नाही असे लेखन ग्रंथालयात सुरक्षित राहते. कदाचित फार सुरक्षित राहते. दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेली ही नाट्यपरंपरा मराठी रंगभूमीला ना शिकवू शकली, ना तिच्याकडून शिकू शकली. सांगलीस जे शोधून काढावे लागले त्यातले काही तंजावरास आधीच सापडलेले असेल. तंजावरास जे कोंडून राहिले त्याला सांगलीच्या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने कदाचित वाट दिली असती.

७

यावरून निष्कर्ष काढावयाचा तो बेताने काढला पाहिजे. पत्र लिहिल्याने समीक्षक मोठा होत नाही, आणि परीक्षण छापल्याने लहान होत नाही. आर्चरने दोन्ही केले, शॉने दोन्ही केले. परंतु पत्रात समीक्षकाला तीन बंधने आपोआप पडतात आणि ती त्याच्या हिताची असतात. समोरच्या माणसाचे नाव घेऊन बोलावे लागते म्हणून ऐटीची वाक्ये गळतात. उत्तर येण्याचा संभव असतो म्हणून पुराव्याविना विधान करता येत नाही. आणि समोरचा माणूस उद्या पुन्हा काम करणार आहे हे ठाऊक असते म्हणून दोष दाखविताना त्याच्या पुढची वाट दाखवावी लागते. ही तीन बंधने ज्या छापील परीक्षणात सांभाळली गेली तेच परीक्षण पुढे वाचले जाते. कुर्तकोटींच्या विधानाचे बळ हेच होते.

दूर राहणाऱ्याला या कामात एक अधिकार आहे असेही आम्हांस वाटते. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहाबाहेर उभ्या असलेल्या समीक्षकाला उद्या त्याच नटाशी चहा घ्यावयाचा असतो, त्याच निर्मात्याच्या समारंभास जावयाचे असते. चेन्नई, हैदराबाद वा कलकत्ता येथे असलेल्या मराठी रसिकाला अशी कोणतीही देवघेव बांधून ठेवीत नाही. तो वर्षाकाठी रजेवर जातो तेव्हा दोन-चार नाटके पाहतो, एरवी पुस्तके वाचतो, आणि शेजारच्या तमिळ वा तेलुगू रंगभूमीवर काय चालले आहे हे पाहण्याची त्याला संधी असते. मराठी नाटकाविषयी त्याला जे दिसते ते घरच्या माणसाला दिसत नाही. ते त्याने लिहून धाडावे. लेखच हवा असे नाही. ज्याने नाटक लिहिले किंवा बसविले त्याला चार पाने पुरेत.

आज हे टपाल मंदावले आहे. दूरध्वनीवर बोलणे होते आणि विरून जाते. चार ओळींचा संदेश पोचतो आणि पुढच्या संदेशाखाली दबतो. अभिनंदनाला हे साधन पुरेसे आहे. मतभेदाला पुरत नाही, कारण मतभेद मांडावयास परिच्छेद लागतो, आणि परिच्छेद लिहावयास सवड व धैर्य दोन्ही लागतात. ज्या नाटककाराकडे गेल्या वर्षभरात शंभर शुभेच्छा आल्या आणि एकही लांब पत्र आले नाही, त्याची अवस्था तंजावरच्या राजाहून फारशी निराळी नाही.

सरस्वती महालातील ती हस्तलिखिते अजून शाबूत आहेत. अभ्यासकांनी त्यांतली काही छापून काढली, त्यांवर लिहिले. उशिरा का होईना, त्या नाटकांना वाचक मिळाले. नाटककाराला मात्र त्यांचे म्हणणे आता कळावयाचे नाही. समीक्षेला नाटकाच्या जन्मात काही भाग घ्यावयाचा असेल तर तिने वेळेवर पोचले पाहिजे, आणि जिवंत माणसाच्या नावावर पोचले पाहिजे.